ताऱ्याच्या मरणाचा पहिला दिवस

कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावर उजाडतं तेव्हा लडाखमधल्या हानलेला दिवस मावळत असतो. पृथ्वीच्या गोलावर ही दोन ठिकाणं जवळजवळ पाठीला पाठ लावून आहेत. पालोमारच्या ४८ इंची दुर्बिणीवर झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटीचा, म्हणजे झेडटीएफचा कॅमेरा बसवला आहे. एका फोटोत तो आकाशाचा ४७ चौरस अंशांचा तुकडा टिपतो. पौर्णिमेचे दोनशेहून अधिक चंद्र त्यात सहज मावतील. त्या रात्रीत आकाशात नवं काय उगवलं, याची यादी आमच्या संध्याकाळपर्यंत हाती येते आणि नेमकी तेव्हाच आमची रात्र सुरू होते. माझं काम या दोन रात्रींच्या सांध्यावरचं आहे, आणि ते मी नवीन पनवेलच्या घरातून करते.

घरात दुर्बीण असेल असं लोकांना वाटतं. घरात आहे एक टेबल, एक लॅपटॉप आणि वीज गेली तरी चालू राहील असा इंटरनेटचा बंदोबस्त. पनवेलच्या आकाशात पाहण्यासारखं फारसं उरलेलं नाही. एका अंगाला कळंबोलीचा लोखंड बाजार आणि ट्रकांचे तळ, दुसऱ्या अंगाला जेएनपीटीकडे जाणारी कंटेनरची रांग, पलीकडे उलव्याचा नवा विमानतळ. या सगळ्याचा उजेड ढगांवर आपटून रात्रभर नारिंगी राहतो. पण ज्या दुर्बिणींचं काम आम्ही पाहतो त्या साडेचार हजार मीटर उंचीवर, हानलेच्या कोरड्या थंडीत उभ्या आहेत. त्यांतली दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटेहून चालवली जाते. ७० सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया भारतीय ताराभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी मिळून २०१८ साली सुरू केली. ती तर यंत्रमानवासारखी स्वतःच घुमट उघडते, स्वतःच वळते. दुर्बिणीच्या वेळेची मागणी करणाऱ्या माणसाने कुठे बसायचं हा प्रश्नच उरलेला नाही. त्याने जागं असायला हवं, एवढंच.

घाई कशासाठी, हे मला नातेवाइकांना नेहमी समजावून सांगावं लागतं. तारा कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर, त्याचा प्रकाश कोट्यवधी वर्षं प्रवास करून आलेला. मग आज पाहिलं काय आणि पुढच्या आठवड्यात पाहिलं काय? माझ्या काकांचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर ताऱ्याच्या पोटात आहे.

सूर्याच्या आठ-दहा पटींहून जड तारा आयुष्याच्या शेवटी फुगून लाल महाराक्षसी होतो. गाभ्यात लोखंड साठलं की तिथली ऊर्जा निर्माण होणं थांबतं आणि गाभा सेकंदाहूनही कमी वेळात कोसळतो. बाहेरून पाहणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही, कारण ताऱ्याचा बाकीचा देह इतका अवाढव्य असतो, की आतून निघालेल्या धक्कालहरीला पृष्ठभाग गाठायला काही तास, कधी जवळजवळ एक दिवस लागतो. ती पृष्ठभाग फोडून बाहेर येते त्या क्षणी अतिनील आणि क्ष-किरणांचा लोळ उठतो. तोच अतिनवताऱ्याचा, म्हणजे अशा फुटणाऱ्या ताऱ्याचा, पहिला प्रकाश. तो लोळ ताऱ्याभोवतीच्या वायूवर पडतो, त्या वायूतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उखडतात आणि वायू स्वतः चमकू लागतो. तो चमकतो तोवरच त्याचा वर्णपट घेता येतो. मागोमाग सेकंदाला दहा हजार किलोमीटरच्या वेगाने ताऱ्याचे अवशेष येतात आणि तो वायू गिळून टाकतात. त्यानंतर जगातली कितीही मोठी दुर्बीण लावली तरी ती माहिती मिळत नाही.

आणि ती माहिती साधी नव्हे. हा वायू ताऱ्याने मरण्याआधी, शेवटच्या काही महिन्यांत किंवा वर्षांत स्वतःच्या अंगावरून झटकलेला असतो. ताऱ्याच्या शेवटच्या आजारपणात काय घडलं, त्याची ही बहुतेक वेळा एकमेव नोंद.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण २०१३ सालच्या ऑक्टोबरमधलं. पालोमारच्याच दुर्बिणीने, तिच्यावरच्या आधीच्या कॅमेऱ्याने, एनजीसी ७६१० या दीर्घिकेत स्फोटानंतर अवघ्या तीन तासांनी एक नवा ठिपका पकडला. पालोमारची ही सगळी मोहीम उभी करणारे श्रीनिवास कुलकर्णी मूळचे कुरुंदवाडचे, हे इथे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. तो ठिपका दिसताच हवाईतली १० मीटर व्यासाची केक दुर्बीण तिकडे वळवली गेली आणि स्फोटाला सहा तास होतात न होतात तोच पहिला वर्णपट हाती आला. त्यात प्रचंड तापलेल्या ऑक्सिजनच्या रेषा होत्या. पुढच्या काही तासांत त्या विझल्या. ओफर यारॉन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली त्यावरून मांडलं, की ताऱ्याभोवतीचा दाट वायू साधारण १००० कोटी किलोमीटरच्या आतच होता, म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतराच्या ६५ पटींच्या आसपास. त्यामुळे तो मरणाआधीच्या साधारण वर्षभरातच बाहेर टाकलेला असणार. तारे शेवटच्या वर्षी शांत नसतात, हे त्या काही तासांच्या धावपळीतून कळलं. ती दुर्बीण काही दिवसांनी वळवली असती तर हा अतिनवतारा चारचौघांसारखा दिसला असता.

आता माझ्या टेबलावर परत येते. आमच्या कामाचा मोठा भाग नकार देण्याचा आहे. संगणक आजच्या फोटोतून जुना फोटो वजा करतो आणि जे उरतं ते आमच्यापुढे टाकतो. उरतं ते बहुतेक वेळा काहीच नसतं: वैश्विक किरणाने कॅमेऱ्याच्या चिपवर मारलेला ठिपका, भडक ताऱ्याच्या कडेला वजाबाकी नीट न जमल्याने राहिलेलं पांढरं-काळं वर्तुळ, वाटेने जाणारा एखादा लघुग्रह. यंत्राला शिकवून तयार केलेली प्रणाली प्रत्येकाला खरे-खोटेपणाचे गुण देते आणि ती खरोखर उपयोगी आहे. पण गाळून उरलेल्यांवर शेवटी माणसाचीच नजर फिरावी लागते. अर्ध्या तासाच्या अंतराने घेतलेल्या दोन फोटोंत ठिपका एकाच जागी आहे का? असला तर लघुग्रह नव्हे. शेजारी दीर्घिका आहे का आणि तिचं अंतर ठाऊक आहे का? हा ठिपका दीर्घिकेच्या नेमक्या केंद्रात आहे का? असला तर तिथलं कृष्णविवर चाळवलं असण्याची शक्यता धरायला हवी. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, काल तिथे काय होतं?

कालचं रिकामं आकाश हा आमच्या धंद्यातला सर्वांत मोलाचा ऐवज आहे. नवीन माणसाला हे पटायला वेळ लागतो. तो ठिपक्याकडे पाहतो आणि जुन्या हाताचा माणूस आधी कालच्या फोटोतल्या रिकाम्या जागेकडे पाहतो. काल या जागी विसाव्या प्रतीपर्यंत काही नव्हतं आणि आज अठराव्या प्रतीचा निळसर ठिपका आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितकी वस्तू अंधूक), एवढं दिसलं की छातीत धडधडतं. म्हणजे हे तान्हं आहे. रिकाम्या फोटोची तारीख आठवड्यापूर्वीची असेल तर तेच दृश्य बिनकामाचं. म्हणून रोज रात्री काहीही न सापडणारे फोटो निमूटपणे घेत राहणाऱ्या मोहिमांविषयी मला फार आदर वाटतो. त्यांनी जपलेल्या त्या रिकाम्या जागा नसत्या तर ताऱ्याचं वय सांगायला आमच्याकडे काहीच नसतं.

मग ट्रिगरचा, म्हणजे मोठी दुर्बीण तातडीने आपल्या ठिपक्याकडे वळवायला सांगण्याचा, निर्णय येतो. या कामात मला सर्वांत जड जातं ते हेच, आणि मी ते हलकं होऊही देत नाही. मोठ्या दुर्बिणीची प्रत्येक रात्र महिनोन्‌महिने आधी कुणाला तरी दिलेली असते. कुणी पीएचडीचा विद्यार्थी त्या रात्रीसाठी वर्षभर थांबलेला असतो. ‘टार्गेट ऑफ ऑपर्च्युनिटी’ नावाची एक तरतूद असते, आम्ही तिला नुसतं टीओओ म्हणतो. ती वापरली की त्याच्या रात्रीतला तासभर आपल्याकडे येतो. त्याचा तारा उद्याही तिथेच असेल, आपला बदललेला असेल, हा आपला युक्तिवाद. तो खराच असतो, पण समोरच्याच्या रात्रीचा तुकडा आपण तोडून घेत आहोत हे विसरून चालत नाही. म्हणून विनंतीत काय लिहायचं याची आमच्याकडे शिस्त आहे. आकाशातली जागा, शोधचित्र, किती सेकंदांचा फोटो, कोणते फिल्टर, किती वाजेपर्यंत घेतलं तर उपयोग आहे आणि किती वाजल्यानंतर घेऊच नये. हे शेवटचं वाक्य लिहायला माणसं कचरतात. मला ते सर्वांत प्रामाणिक वाटतं. होसकोटेच्या खोलीत रात्री दोन वाजता बसलेल्या निरीक्षकाला त्या एका वाक्याने निर्णय घेता येतो.

त्या निरीक्षकांविषयी कुठे लिहून येत नाही. फोनवर ते ‘ढग येताहेत मॅडम, वीस मिनिटं आहेत’ एवढंच सांगतात आणि त्या वीस मिनिटांत आधी कोणता फिल्टर घ्यावा हे आपल्याआधी त्यांना सुचलेलं असतं. शोधनिबंधाच्या शेवटी आभाराच्या ओळीत त्यांचा एकत्रित उल्लेख असतो. मला तो कमी वाटतो.

१९ मे २०२३, शुक्रवार. जपानमधले हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांनी आपल्या वेळेप्रमाणे रात्री अकराच्या सुमाराला एम-१०१ या दीर्घिकेचा फोटो घेतला आणि तिच्या एका सर्पिल बाहूवर पंधराव्या प्रतीच्या आसपासचा नवा तारा पाहिला. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक अतिनवतारे आहेत. एम-१०१ आपल्याला घरची. सप्तर्षींच्या शेपटातल्या वसिष्ठ आणि मरीची यांच्याशी त्रिकोण करून बसलेली, दोन कोटी प्रकाशवर्षांच्या थोडं पलीकडे. एवढ्या जवळ अतिनवतारा फुटल्याला दहाएक वर्षं होऊन गेली होती. पहाटे तीनच्या सुमाराला त्याची वर्दी जगभर गेली, आणि तासाभरात कॅनरी बेटांवरच्या लिव्हरपूल दुर्बिणीने वर्णपट घेऊन टाकला. विझण्याआधी पकडाव्यात अशा त्या रेषा त्यात लखलखत होत्या. नाव पडलं एसएन २०२३आयएक्सएफ.

मी वर्दी सकाळी वाचली. तोवर लडाखात उजाडलं होतं. पुढचा सबंध दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. पनवेलचा मे महिना, पंखा गरम हवा फिरवतोय, खाली आंबेवाल्याची हाक, आणि आमच्या गटाच्या फोनवर एकच विषय: संध्याकाळपर्यंत तो किती तेजस्वी होईल? हा प्रश्न अगदी व्यवहाराचा होता. फोटो किती सेकंदांचा घ्यायचा ते त्यावर ठरतं. अंधूक वस्तूंसाठी आम्हाला मिनिटांचे फोटो घ्यायची सवय, आणि हा तर तासागणिक वाढत होता. जास्त वेळ उघडा ठेवला तर कॅमेरा भरून वाहिला असता आणि आकडे निरुपयोगी झाले असते. शिवाय तो बसला होता नव्या ताऱ्यांच्या एका चकाकत्या ढगाजवळ, त्यामुळे त्याचा प्रकाश शेजाऱ्यापासून वेगळा काढायला जुने फोटो हाताशी हवे होते. तुलनेसाठी तारे निवडणं, जुने फोटो शोधणं, कोणी काय मोजायचं ते ठरवणं, यात दुपार गेली. आईने दोनदा ताट झाकून ठेवलं.

संध्याकाळी हानलेहून निरीक्षणं सुरू झाली. हिमालयन चंद्राने वर्णपट घेतले, ग्रोथ-इंडियाने वेगवेगळ्या रंगांतली तेजस्विता मोजली, आणि आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहाने वातावरणाच्या बाहेरून अतिनील प्रकाशात पाहिलं. भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या गटाने ते सगळं एकत्र गुंफून त्याच वर्षी प्रसिद्ध केलं. मेच्या रात्री एम-१०१ अंधार पडताच उंचावर असते. अमेरिकेत दिवस असताना या ताऱ्याच्या नोंदीत जे तास रिकामे राहिले असते ते आशियातून भरले गेले. त्या अरुंद रेषा आठवडाभर टिकल्या आणि मग बुजल्या. म्हणजे २०१३ च्या त्या ताऱ्यापेक्षा याच्याभोवतीचा वायू दूरवर पसरलेला होता. पुढे स्पिट्झर अवकाश दुर्बिणीचे जुने फोटो काढून पाहिले तेव्हा स्फोटाआधीचा ताराही सापडला: धुळीत गुरफटलेला, साधारण हजार दिवसांच्या लयीत उजळणारा आणि मंदावणारा लाल महाराक्षसी.

मला सर्वांत भावलं ते वेगळंच. वर्दी गेल्यावर जगभरातल्या हौशी लोकांनी आपापले त्या रात्रीचे एम-१०१ चे फोटो उघडले. ही दीर्घिका छायाचित्रकारांची लाडकी, त्यामुळे इतागाकींच्या आधीच्या तासांतले फोटो कितीतरी जणांकडे निघाले. कुणाच्या फोटोत तारा नव्हता, कुणाच्यात अगदी पुसट होता. त्यांतूनच स्फोटाची वेळ पक्की झाली, आणि कोवळ्या ताऱ्याचा रंग सुरुवातीला कसा बदलला हेही कळलं. त्यावरचं संशोधन पुढे ‘नेचर’मध्ये आलं. २०१६ मध्ये अर्जेंटिनातल्या रोसारिओच्या व्हिक्टर बुसो यांनीही असंच केलं होतं. ते व्यवसायाने कुलपं दुरुस्त करणारे. घराच्या गच्चीवर नवा कॅमेरा तपासून पाहत होते आणि त्यांच्या एकापाठोपाठच्या फोटोंत, आधी नसलेला एक अतिनवतारा उगवत गेला. धक्कालहर ताऱ्याबाहेर पडतानाचा इतका स्पष्ट पुरावा सामान्य प्रकाशात क्वचितच मिळाला होता.

महिनाअखेर तो तारा अकराव्या प्रतीपर्यंत चढला. एका मित्राची आठ इंची दुर्बीण आम्ही सोसायटीच्या गच्चीवर चढवली. पनवेलच्या उजेडात एम-१०१ ही दीर्घिका दिसतच नाही. तिचा प्रकाश पसरट आणि मंद आहे, नारिंगी आकाश तो पूर्ण खाऊन टाकतं. पण त्या अब्जावधी ताऱ्यांच्या रिकाम्या जागी एकच टिपका दिसत होता, आणि तो तिथे आहे हे नकाशावर ताडून पाहिल्यावर माझी खात्री पटली. अख्खी दीर्घिका अदृश्य आणि तिच्यातला मेलेला एक तारा मात्र आमच्या गच्चीवरून दिसतोय, हे शेजारच्या काकांना सांगताना माझाच आवाज कापरा झाला. ते बंदरात पाळीवर काम करतात. त्यांनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं आणि विचारलं, “हा आता रोज बघायला लागणार तुम्हाला?” मी म्हटलं, हो, दिसेनासा होईपर्यंत.

हे सगळं पनवेलमध्ये बसून करताना मला एका जुन्या कामाची आठवण नेहमी होते. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आमच्या इथेच, नवीन पनवेलमध्ये आहे. कुलाब्याच्या वेधशाळेच्या जुन्या चुंबकीय नोंदींचा वारसा तिच्याकडे आहे. १८५९ सालच्या सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्यावरून आलेलं आजवरचं एक सर्वांत मोठं वादळ पृथ्वीवर आदळलं, तेव्हा कुलाब्याला माणसं डोळ्यांनी काटा वाचून वहीत आकडे लिहीत होती. एरवी नोंद तासाला एक. पण काटा पिसाटल्यासारखा हलू लागला तसं त्यांनी नोंदींमधलं अंतर कमी केलं, पंधरा मिनिटांवर आणि पाच मिनिटांवर आणलं. त्यामुळेच दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञांना त्या वादळाचा जोर काढता आला. नेहमीची नोंद न चुकवणं, आणि काही घडतंय असं दिसताक्षणी वेग वाढवणं. त्या माणसांना अतिनवताऱ्यांशी काही देणं-घेणं नव्हतं, पण मी जे काम करते ते त्यांच्याच जातीचं आहे असं मला मनापासून वाटतं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांनी चुंबकीय नोंदींत गोंधळ होणार हे दिसू लागलं, म्हणून ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवावं लागलं. उजेडाने आमचं आकाश हिरावलं तशीच ती गोष्ट, शंभर वर्षं आधीची.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत पनवेलच्या खिडकीतून फक्त पाणी दिसतं. हानले पर्जन्यछायेत आहे, तरी जुलै-ऑगस्टमध्ये तिथेही ढग सतावतात. त्या महिन्यांत आम्ही साचलेले आकडे तपासतो, नव्या मुलांना जुन्या ठिपक्यांवर हात बसवायला लावतो, आणि नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ताटल्यांवर कुणाकुणाच्या रेडिओ लहरींची वाट पाहायची ते ठरवतो. रेडिओचं गणित उलटं आहे. ताऱ्याभोवतीचा वायू दाट असेल तर तो सुरुवातीला रेडिओ लहरी अडवतो आणि मग आठवड्यांनी, महिन्यांनी त्या बाहेर येतात. त्यामुळे पहिल्या दिवसाची धावपळ करणाऱ्यांइतकंच वर्षभर चिकाटीने पाहत राहणाऱ्यांचंही हे काम आहे.

आता चिलीतली व्हेरा रुबिन वेधशाळा आली आहे. जून २०२५ मध्ये तिचे पहिले फोटो जगाने पाहिले. पूर्ण जोराने चालू लागली की एका रात्रीत एक कोटीच्या घरात सूचना येतील असा अंदाज आहे. काही जण म्हणतात, आता शोधायला माणूस लागणार नाही. शोधायला लागणार नाही, हे मला मान्य आहे. पण रुबिन आकाशाच्या त्याच भागाकडे काही दिवसांनी परत येते, आणि तान्ह्या ताऱ्याला तासातासाला पाहावं लागतं. ते लहान दुर्बिणींचं काम आहे आणि ते जितक्या रेखांशांवर पसरलेलं असेल तितकं चांगलं. शिवाय रुबिन दक्षिणेचं आकाश पाहते. इथे मला माझ्या गटातही आग्रहाने मांडावी लागते अशी एक गोष्ट आहे.

११ एप्रिल २०२४ रोजी अ‍ॅटलास मोहिमेला एनजीसी ३६२१ या दीर्घिकेत असाच कोवळा अतिनवतारा सापडला, एसएन २०२४जीजीआय. दुसऱ्याच दिवशी चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने त्याच्या प्रकाशाचं ध्रुवीकरण मोजलं आणि धक्कालहर सर्व बाजूंनी सारखी फुटली नव्हती, स्फोट लांबोडका होता, हे दिसलं. ही दीर्घिका दक्षिण आकाशात बरीच खाली आहे. हानलेहून ती क्षितिजावर २४ अंशांच्या वर येत नाही, म्हणजे नेहमीच जाड हवेतून पाहावी लागते. सह्याद्रीतून ती ३८ अंशांपर्यंत चढते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने २००६ मध्ये जुन्नरजवळ गिरवलीला दोन मीटरची दुर्बीण उभी केली, ती याच अक्षांशावर. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत सह्याद्रीच्या एखाद्या काळोख्या माथ्यावर ग्रोथ-इंडियाएवढी लहान, स्वयंचलित दुर्बीण चालली, तर दक्षिणेकडच्या या ताऱ्यांचे पहिले तास हानलेपेक्षा चांगले पकडता येतील. मान्सूनचे चार महिने बंद ठेवावी लागेल, कोकणच्या बाजूचा उजेड टाळून जागा शोधावी लागेल, हे मी जाणते. तरी त्यासाठी खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेकडच्या जवळच्या दीर्घिकांची यादी मी करायला घेतली आहे. प्रत्येकीपुढे दोन आकडे लिहिते: हानलेहून ती किती अंश वर येते आणि जुन्नरहून किती. पहिल्या रकान्यातला आकडा जिथे तिसाच्या खाली आहे, त्या ओळी मी वेगळ्या रंगाने भरते आहे, आणि त्या ओळी बऱ्याच आहेत.